वकिलांच्या महापेढ्या आणि जवळा बाजारचा पक्षकार

परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जवळा बाजार लागते. औंढा नागनाथाच्या तालुक्यातले हे गाव. नावातच बाजार आहे आणि तो नावापुरता नाही. आसपासच्या खेड्यांतली हळद, सोयाबीन, कापूस, तूर येथे येते, आडतीवर उतरते, तिचे मोल ठरते. व्यवहाराची भाषा मराठी आणि हमी शब्दाची. वाद झालाच तर आधी चार जाणती माणसे बसतात, मग बाजार समिती, आणि त्यानेही भागले नाही तर तालुक्याच्या न्यायालयातील वकीलसाहेब. तो वकील पक्षकाराला नावाने ओळखतो, बहुधा त्याच्या वडिलांनाही ओळखत असतो.

अशा गावाच्या संदर्भात लंडन-न्यूयॉर्कच्या वकिली पेढ्यांच्या विलीनीकरणाची चर्चा करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. १ मे २०२४ रोजी लंडनची ॲलन अँड ओव्हरी आणि न्यूयॉर्कची शिअरमन अँड स्टर्लिंग या दोन जुन्या, नामांकित पेढ्या एक झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्याच ॲशर्स्टने अमेरिकेतील पर्किन्स कोई या पेढीशी एकत्र येण्याचा मनोदय जाहीर केला. मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवरही या वार्तांना फारशी जागा मिळाली नाही. शेअर बाजार त्यांनी हलत नाही, सोन्याचा भाव बदलत नाही. मग हळदीच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हा उद्योग वाढला कसा हे आधी पाहावे लागते. उद्योग हाच शब्द योग्य आहे. वकिली हा आता केवळ व्यवसाय राहिलेला नाही. १९८७ मध्ये लंडनच्या क्लिफर्ड-टर्नर आणि कॉवर्ड चान्स या दोन मध्यम पेढ्या एकत्र आल्या आणि क्लिफर्ड चान्स हे नवे नाव जन्माला आले. २००० मध्ये तिने न्यूयॉर्कची रॉजर्स अँड वेल्स आणि जर्मनीतील पुंडर ही पेढी आपल्यात सामावून घेतली. २००५ मध्ये डीएलए पायपर, २०१० मध्ये होगन लव्हेल्स, २०१३ मध्ये नॉर्टन रोझ फुलब्राइट अशी ही परंपरा पुढे चालू राहिली. यातली बहुतेक नावे जोडनावे आहेत. दोन घराण्यांचा विवाह व्हावा आणि मुलांनी दोन्ही आडनावे लावावीत तसे काहीसे. काही वर्षांनी एक आडनाव गळून पडते. कोणते गळते यावरून घरात कोणाचे चालते हे कळते.

कारखान्यांची विलीनीकरणे आणि वकिलांची विलीनीकरणे यांत मात्र एक भेद आहे. कारखाना विकत घेतला म्हणजे यंत्रे, जमीन, गोदामे हाती येतात. वकिली पेढीजवळ माणसे आणि पक्षकारांचा विश्वास याखेरीज मालमत्ता ती काय असते? ती संध्याकाळी घरी जाते आणि सकाळी परत येईलच असे नाही. म्हणून या महापेढ्यांनी एक सोयीची युक्ती स्वीकारली. स्वित्झर्लंडच्या कायद्यात 'फेराइन' नावाचा संघटनेचा एक प्रकार आहे, आपल्याकडील मंडळासारखा. या छत्राखाली अनेक देशांतल्या पेढ्या एका नावाने वावरतात, एकच पाटी लावतात, परंतु प्रत्येकीची तिजोरी वेगळी, हिशेब वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. पक्षकारासमोर जाताना 'आम्ही एक'. नुकसानभरपाईचा प्रश्न उभा राहिला की 'ती आमची स्वतंत्र शाखा'. डेंटन्स या पेढीने याच मार्गाने २०१५ मध्ये चीनमधील दाचेंग या प्रचंड पेढीशी सख्य केले आणि वकिलांच्या संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी पेढी म्हणून ती गणली गेली. पुढे चीनने माहितीसुरक्षेचे कायदे कडक केले आणि २०२३ मध्ये हे सख्य संपुष्टात आणावे लागले. आठ वर्षे ज्या ऐक्याचा डंका पिटला गेला ते एका देशाच्या कायद्यापुढे टिकले नाही. सार्वभौम राष्ट्राने ठरविले तर महापेढीलाही वळण लावता येते, एवढे यावरून दिसते. चीनच्या राजवटीविषयी ज्यांना काडीचे प्रेम नाही त्यांनीही हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

मोठे होणे म्हणजे टिकणे असाही समज आहे. २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ड्यूई बॅलंटाइन आणि लबफ लॅम्ब या पेढ्या एक झाल्या आणि पाच वर्षांत, २०१२ साली, दिवाळ्यात निघाल्या. ऑस्ट्रेलियन-चिनी पेढीशी २०१३ मध्ये जोडल्या गेलेल्या लंडनच्या एस. जे. बर्विन या पेढीचा युरोपीय पसारा २०१७ च्या जानेवारीत प्रशासकाच्या हवाली झाला. पगार थांबले, भागीदार दुसऱ्या दारांनी निघून गेले, आणि पक्षकारांना आपले कागद नव्या दारी न्यावे लागले.

या कथेचा मुंबईतला अध्याय विलक्षण आहे. उदारीकरणाच्या पहिल्या लाटेत, १९९३ ते १९९५ या काळात, व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क या अमेरिकी आणि ॲशर्स्ट ही ब्रिटिश अशा तीन पेढ्यांनी रिझर्व्ह बँकेची अनुमती मिळवून भारतात आपली 'संपर्क कार्यालये' थाटली. न्यायालयात उभे राहायचे नाही, केवळ सल्ला द्यायचा, मसुदे पाहायचे, संपर्क ठेवायचा, असा त्यांचा दावा होता. १९९५ मध्ये 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात त्यास आव्हान दिले. ही संस्था विचाराने डावीकडची. राष्ट्रीय विचारांच्या मंडळींशी तिचे एरवी किती विषयांवर जमेल हा प्रश्नच आहे. पण देशी व्यवसायाच्या दारात परकीय आस्थापना कोणत्या कायद्याने उभी आहे हे विचारण्याचे काम तिने केले, आणि त्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

खटला चौदा वर्षे चालला. १६ डिसेंबर २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार आणि न्यायमूर्ती देवधर यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. मजेची गोष्ट अशी की वादाच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचे कलम होते. परकीय चलन नियमन कायद्याच्या कलम २९ खाली रिझर्व्ह बँकेने अनुमती दिली होती, आणि १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम २९ सांगत होते की या देशात वकिली करण्याचा अधिकार केवळ अधिवक्त्यांना आहे. न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे. सल्ला देणे, करारमदार तयार करणे हीदेखील वकिलीच आहे, आणि रिझर्व्ह बँकेची ती अनुमती समर्थनीय नव्हती.

मात्र या चौदा वर्षांत आणि त्यानंतर त्या तीन प्रतिवादी पेढ्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. चॅडबोर्न अँड पार्क आज अस्तित्वातच नाही. २०१७ मध्ये ती नॉर्टन रोझ फुलब्राइटमध्ये विरघळून गेली. ॲशर्स्टने ऑस्ट्रेलियातील ब्लेक डॉसनला २०१२-१३ मध्ये आपल्यात घेतले आणि आता ती अमेरिकी सोयरिकीच्या वाटेवर आहे. तिसरी व्हाइट अँड केस तेवढी स्वतःच्या नावाने उभी आहे. आपल्या न्यायालयाच्या एका खटल्याच्या आयुष्यात प्रतिपक्षाचे नाव, गाव आणि मालक बदलतात. ज्याच्यावर नोटीस बजावायची तो कोण, हेच ठरेना अशी वेळ यावी इतकी या विलीनीकरणांची गती आहे. आपल्या न्यायालयांच्या गतीविषयी येथे वेगळे काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

या पेढ्या नेमक्या त्याच वर्षांत का आल्या, याचे उत्तर महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ वीज कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात वीजखरेदीचा करार झाला. (वर उल्लेखिलेल्या पेढ्यांचा त्या कराराशी संबंध जोडण्याचे कारण नाही, प्रश्न त्या काळाच्या वाऱ्याचा आहे.) वीज कोकणात निर्माण व्हायची, पैसे मराठी ग्राहकाने द्यायचे, आणि वाद झाला तर त्याचा निवाडा लंडनमधील लवादापुढे. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला तेव्हा कंपनीने लंडनमध्ये लवादाची कार्यवाही सुरू केली. विधानसभेत निवडून आलेल्या सरकारचा निर्णय एकीकडे आणि कराराच्या मागच्या पानांवरचे एक कलम दुसरीकडे. पुढे फेरवाटाघाटी झाल्या, प्रकल्प पुन्हा उभा राहिला, २००१ मध्ये बंद पडला, एन्रॉनचे दिवाळे वाजले, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन करून तो सावरावा लागला. त्या साऱ्या वर्षांत राजकीय पक्षांनी एकमेकांवर पुष्कळ आरोप केले. ते कलम कोणी लिहिले, कोणी वाचले आणि वीज मंडळाच्या बाजूने ते वाचणारा वकील किती तयारीचा होता, याची चर्चा मात्र फारच थोडी झाली.

न्याय दूर गेला की त्याचे मोल किती चढते याचा अनुभव लोकमान्यांनी घेतला होता. व्हॅलेंटाइन चिरोलने आपल्या ग्रंथात केलेल्या बदनामीविरुद्ध त्यांना लंडनला जावे लागले. १९१९ च्या आरंभी तेथील ज्यूरीपुढे खटला चालला, निर्णय विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. तो डोंगर हलका करण्यासाठी महाराष्ट्राने वर्गणी केली. टिळकांसाठी वर्गणी झाली. जवळा बाजारच्या शेतकऱ्यासाठी कोण करणार?

आणि मराठवाड्याला हे दूरत्व नवे नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरिष्ठ न्यायालय हैदराबादला, न्यायालयाची भाषा उर्दू. शेतावर मराठी बोलणाऱ्याचा दावा त्याला न कळणाऱ्या भाषेत चाले. जवळा बाजारच्याच परिसरातील, जुन्या वसमत तालुक्यातल्या पुरजळ गावी १८६७ मध्ये जन्मलेल्या केशवराव कोरटकरांनी त्या व्यवस्थेत शिरून हैदराबादेत वकिली केली, पुढे तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आर्य समाजाचे काम वाढविले, विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली. वकिली हे त्यांच्या दृष्टीने समाजाला दुभाष्या मिळवून देण्याचे साधन होते. त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार हेही बॅरिस्टर आणि हैदराबादच्या लढ्यातील अग्रणी.

मुक्तिसंग्रामानंतर न्याय टप्प्याटप्प्याने जवळ आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा उच्च न्यायालय मुंबईला गेले. १९८१ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, न्यायमूर्ती बसू लागले. १९९८ मध्ये जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. १९९९ मध्ये हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. शंभर वर्षांत न्याय हैदराबादहून औंढ्यापर्यंत आला, उर्दूतून मराठीत आला. एवढा प्रवास करून आलेला न्याय कराराच्या एका कलमाने सिंगापूरला परत पाठविता येतो, ही आजची वस्तुस्थिती आहे.

समजा, या भागातील हळद उत्पादकांच्या एखाद्या कंपनीने परदेशी मसाला उद्योगाशी पुरवठ्याचा करार केला. २००२ च्या कायदादुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना अशा उत्पादक कंपन्या स्थापन करता येतात, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर अशी मागणी येणे मुळीच अशक्य नाही. ती यावी हीच इच्छा आहे. करार इंग्रजीत येईल, चाळीस-पन्नास पानांचा असेल, तो एखाद्या महापेढीने तयार केलेला असेल. मालाची प्रत, कुरकुमिनचे प्रमाण, कीटकनाशकांचा अंश, माल नाकारण्याचा अधिकार, विलंबाचा दंड, आणि शेवटी लवादाचे स्थान. आंतरराष्ट्रीय लवादाचे सिंगापूर केंद्र भारतीय पक्षांना नवे नाही. तेथे जाणाऱ्या परदेशी पक्षांत भारतीयांची संख्या नेहमीच मोठी असते. कंपनीचे संचालक सही करतील, कारण माल पडून आहे आणि भाव बरा आहे. वाद उद्भवल्यावर ते वकील शोधू लागतील.

विलीनीकरणाचा खरा परिणाम येथे दिसू लागतो. वकिलाने एकाच वेळी दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घ्यायचे नाही हा या व्यवसायाचा मूलभूत धर्म आहे. एकाला सल्ला दिल्यावर त्याच विषयात त्याच्याविरुद्ध उभे राहायचे नाही, हे बार कौन्सिलच्या नियमांतही आहे. पेढी लहान असते तेव्हा हा नियम सहज पाळला जातो आणि त्याने कोणाचे अडतही नाही. एका वकिलाने नाही म्हटले तर शेजारचा असतो. पण दहा पेढ्यांची एक झाली की त्या दहांच्या सर्व पक्षकारांविरुद्ध ती एकही खटला घेऊ शकत नाही. ज्या दहा दारांवर जाता आले असते त्यांतली सगळी एका दमात बंद होतात. म्हणूनच विलीनीकरणाच्या वेळी या पेढ्या 'हितसंबंधांची तपासणी' करतात, आणि दोन पक्षकारांचे हित परस्परविरोधी निघाले तर एकाला सोडून देतात. कोणाला सोडतात? ज्याची फी लहान असते त्याला. हे सांगण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. आडतीवर बसणाऱ्या कोणालाही ते कळेल.

पेढी वाढली म्हणून कोणाचे बिघडते, असे विचारणाऱ्यांचा येथे गोंधळ होतो. बाजारात खरेदीदार कमी झाले की भाव पडतो, हे जवळा बाजारला माहीत आहे. स्वतंत्र सल्लागार कमी झाले की लहान पक्षाची बाजू पडते, हेही त्याच जातीचे सत्य आहे.

हिशेबतपासनीसांच्या व्यवसायात हे घडून गेले आहे. जगातील मोठ्या लेखापरीक्षण पेढ्या एकेकाळी आठ होत्या. १९८९ च्या दोन विलीनीकरणांनी त्या सहा झाल्या, १९९८ मध्ये प्राइस वॉटरहाउस आणि कूपर्स अँड लायब्रँड एक झाल्यावर पाच उरल्या, आणि एन्रॉनच्या घोटाळ्यात आर्थर अँडरसन २००२ साली बुडाल्यावर चार. दाभोळचा एन्रॉन तो हाच. त्या पेढ्यांना भारतात थेट येण्याची मुभा नव्हती; त्या देशी पेढ्यांशी नाते जोडून, नाव वापरून, जाळ्यातील सभासद म्हणून आल्या. सत्यमचा ताळेबंद खोटा निघाला २००९ मध्ये, आणि त्यावर सही होती ती प्राइस वॉटरहाउस या नावाने काम करणाऱ्या पेढीची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्या व्यवस्थेकडे बारकाईने पाहण्याची गरज सांगितली. तोवर मोठ्या उद्योगांचे लेखापरीक्षण कोण करणार हे ठरून गेलेले होते. पाटी कोणाची, सही कोणाची आणि उत्तरदायी कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात हे तेव्हा देशाला उमगले.

वकिलीच्या क्षेत्रात आता तीच पहाट होते आहे. मुंबईच्या निर्णयानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना तात्पुरते येऊन सल्ला देऊन परत जाण्यास मोकळीक दिली. १३ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने, वकिलीची व्यापक व्याख्या मान्य केली. अधूनमधून येऊन जाणे चालेल, ठाण मांडणे चालणार नाही, असा त्याचा आशय. मग मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानेच नियम प्रसिद्ध करून परदेशी पेढ्यांना नोंदणीचे दार उघडले. न्यायालयात उभे राहण्यास मनाई. परकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरतीच मुभा. आणि ज्या देशात भारतीय वकिलाला मुभा असेल त्याच देशाच्या वकिलाला येथे. मे २०२५ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. दरम्यान काही परदेशी पेढ्या भारतीय पेढ्यांशी 'संयोग' करून जोडनावाने वावरू लागल्या होत्या. २०२५ मध्ये बार कौन्सिलने अशा संयोगांबद्दल नोटिसा काढल्या. नाव एक, संकेतस्थळ एक, आणि विचारले तर 'आम्ही स्वतंत्र आहोत'. फेराइनची युक्ती भारतात पोहोचल्याचेच हे चिन्ह.

बार कौन्सिलने नोटिसा काढल्या हे योग्यच झाले. परंतु ज्या परिषदेने दोन दशके 'परदेशी नको' म्हणून न्यायालयात बाजू मांडली तिनेच एका अधिसूचनेने दार उघडले, तेव्हा त्यावर देशभरातील लहान वकिलांशी किती विचारविनिमय झाला? हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या वकील संघांना कोणी काही विचारले होते काय? स्वदेशीचा आग्रह म्हणजे केवळ परकीयाला मज्जाव नव्हे. निर्णय स्वकीयांना विचारून घेणे हाही त्याचा भाग असतो.

देशी पेढ्यांचा कैवार घेताना त्यांच्याकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या सॉलिसिटर पेढ्यांची नावे वाचली तर विलीनीकरण हे काही काल आलेले नाही हे दिसते. मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो या नावात पारशी आणि इंग्रज शेजारी शेजारी बसलेले आहेत. १९५६ च्या कंपनी कायद्याने भागीदारांची संख्या विसावर रोखून धरली होती. मर्यादित दायित्व भागीदारीच्या २००८ च्या कायद्याने ती अडचण दूर झाली. तरीही अनेक मोठ्या पेढ्या घराण्यांच्याच राहिल्या. १९१७ मध्ये स्थापन झालेली अमरचंद मंगलदास ही देशातील अग्रगण्य पेढी मे २०१५ मध्ये दोन भावांत, मुंबई आणि दिल्ली अशी, वाटली गेली. बाहेर विलीनीकरणे होत असताना आपल्याकडे वाटण्या होत होत्या. मराठवाड्यातल्या महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या पण बुद्धीने तल्लख अशा मुला-मुलींना या पेढ्यांत प्रवेश मिळतो काय? परकीय पेढीच्या विरोधात राष्ट्रहिताची भाषा बोलणाऱ्या काहींना स्वतःची फी सुरक्षित ठेवण्यापलीकडे राष्ट्र दिसत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

आणि तज्ज्ञ वकिलाची गरज नाकारून चालणार नाही, याची साक्ष हळदच देते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या कल्पनेवर तेथील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले. संशोधक भारतीय वंशाचेच होते, हा आणखी एक विनोद. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करविले. आजीबाईचा बटवा सर्वांना ठाऊक आहे, हे सांगून ते काम झाले नसते. तेथील कायदा, तेथील पुरावा आणि तेथील रीत जाणणारी माणसे लागली. परिषद शासकीय होती म्हणून ते शक्य झाले. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी उभ्या केलेल्या महिकोने मोन्सँटोशी भागीदारी केली, आणि बीटी कापसाच्या बियाण्यावरील 'तंत्रज्ञान शुल्का'चा बियाणे कंपन्यांशी झालेला वाद मोन्सँटोने न्यायालयात नेला; तो २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पुन्हा मागे पाठविला गेला आणि शेवटी २०२१ मध्ये आपसांत मिटला. पिशवीमागे ते शुल्क ज्याने वर्षानुवर्षे दिले, तो कापूस उत्पादक या वादात कोणाचाच पक्षकार नव्हता.

तेव्हा मागणी दार बंद करण्याची नाही. बार कौन्सिलने जोडनावाच्या प्रत्येक पेढीला तिच्या सर्व शाखांचे मोठे पक्षकार कोणत्या क्षेत्रातले आहेत हे जाहीर करायला लावावे. पाटी एक असेल तर उत्तरदायित्वही एक मानावे, फेराइनच्या आडोशाला येथे थारा देऊ नये. शेतकरी उत्पादक कंपनीशी होणाऱ्या कराराची मराठी प्रत बंधनकारक करावी आणि दोहोंत भेद आढळला तर मराठी प्रत ग्राह्य धरावी. असे करार होतील तेव्हा लवादाचे स्थान महाराष्ट्रात असावे. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, ते सिंगापूरपेक्षा जवळ आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या तालुका समित्या आज खटला उभा राहिल्यावर वकील देतात. करार होण्यापूर्वी तो वाचून देणारा वकील त्यांनी दिला तर निम्मे खटले उभेच राहणार नाहीत. सेवाभावी कामात पुढे असणाऱ्या वकिलांच्या संघटनांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. महिन्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, दोन अनुभवी वकील जवळा बाजार येथे बसले आणि आलेले करारनामे त्यांनी मराठीतून समजावून सांगितले, तर त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागणार नाही. नवी हळद साधारण फाल्गुन-चैत्रात बाजारात येऊ लागते. पहिली बैठक त्याआधी व्हावी.